एकोणिसाव्या माणसाचा शोध

डॉ. दिगंबर वायंगणकर यांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. गौरवग्रंथात हे लिहिणं शोभतं की नाही ते संपादकांनी ठरवावं; मी मात्र खरं तेच लिहिणार.

मालवणात त्यांनी नुकतंच आपलं छोटं रुग्णालय सुरू केलं होतं. मी मूळची आरोंद्याची, परिचारिकेचं शिक्षण संपवून वर्षभर सावंतवाडीला काम केलेली. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात एका खलाशाच्या पोटाची शस्त्रक्रिया होती. पोट शिवण्याआधी आत वापरलेले सगळे मॉप, म्हणजे रक्त टिपायचे जाड कापडी तुकडे, मोजून परत घ्यायचे असतात. ते काम सिस्टरचं. मी मोजले, तर एक कमी. पुन्हा मोजले, तरी एक कमी.

"डॉक्टर, एक मॉप कमी आहे."

"बादलीत पडला असेल."

"बादली बघितली. नाही."

"अहो सिस्टर, आत काही नाही. मला दिसतंय ना! सुई द्या."

सुई माझ्याच हातात होती. मी दिली नाही. नोकरी जाणार याची खात्री होती, पण सुई दिली नाही. डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते मी आजही विसरलेले नाही. मग त्यांनी हात आत घातला, आतडी हलक्या हाताने बाजूला केली आणि पार मागच्या बाजूला चिकटून बसलेला तो तुकडा बाहेर काढून माझ्या ट्रेमध्ये ठेवला. शस्त्रक्रिया संपल्यावर त्यांनी सगळ्यांना बोलावलं. भूल देणारे डॉक्टर, दोन वॉर्डबॉय, झाडलोट करणाऱ्या मावशी, सगळ्यांना. म्हणाले, "आजपासून प्रमिला सिस्टर 'बरोबर' म्हणेपर्यंत या थिएटरात पोट शिवलं जाणार नाही. मी कितीही ओरडलो तरी."

ओरडायचे, हेही सांगून ठेवते. पुढची सत्तावीस वर्षं मी त्यांचं ओरडणं ऐकलं आहे. पण त्या दिवशी दिलेला शब्द त्यांनी एकदाही मोडला नाही.

डॉक्टरसाहेबांच्या चित्रकलेबद्दल आज वर्तमानपत्रांत लिहून येतं, तेव्हा मला हसू येतं. त्यांची पहिली चित्रं आम्ही रोजच बघत होतो. रुग्णाला त्याचा आजार समजला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर ते पोट काढायचे, पोटात पित्ताशय, त्यात खडे, आणि "हयसून कापतलंय, घाबरू नकात," असं सांगत बाण दाखवायचे. कचेरीत आणि परिषदांत प्रमाण मराठी, रुग्णांशी मालवणी, आणि रागावले की पुन्हा प्रमाण मराठी, असा त्यांचा कायदा. एकदा देवबागेच्या बाजूला एका जुन्या रुग्णाच्या घरी आम्ही जेवायला गेलो होतो. बघतो तर देवघराशेजारी काचेची चौकट, आणि चौकटीत डॉक्टरसाहेबांनी काढलेलं त्या गृहस्थाचं पित्ताशय! वर ताजं जास्वंदीचं फूल. वहिनींना, म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या पत्नी मालतीवहिनींना, हसू आवरेना. डॉक्टरसाहेब मात्र चष्मा पुसत चौकटीजवळ गेले आणि गंभीरपणे म्हणाले, "खडे जरा मोठे काढलेत मी."

त्यांच्या माणुसकीच्या गोष्टी या ग्रंथात इतरही सांगतील. मी माझी एकच सांगते. माझी आई आरोंद्याला शेवटची दोन वर्षं अंथरुणावर होती. पाठीला जखम झाली होती आणि घर सोडून दवाखान्यात यायला ती काही केल्या तयार नव्हती. मी रजा मागायला गेले. डॉक्टरसाहेब म्हणाले, "रजा कशाला? रविवारी दोघं जाऊ." मला वाटलं, एकदा येतील. ते दोन महिने दर रविवारी आले. स्वतः जखम धुवायचे, पट्टी बांधायचे आणि मग आईच्या खाटेशी बसून तिच्याकडून खाडीच्या जुन्या गोष्टी ऐकायचे. आईला तर कोणी ऐकणारं मिळालं की आणखी काय हवं! "डॉक्टरानू, बसा मा वायच," म्हणत ती सुरू व्हायची. डॉक्टरसाहेब खिशातून छोटी वही काढून काहीबाही लिहायचे. मी समजत होते, औषधं लिहितायत, आणि म्हातारीचं मन राखतायत. त्या वहीत काय होतं ते मला कळलं फार उशिरा.

अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी शस्त्रक्रिया थांबवल्या. कोणी सांगण्याआधी थांबवल्या. हात चांगला होता, नजर चांगली होती. "चांगलं आहे तोवरच हातमोजे उतरवायचे असतात," इतकंच म्हणाले. आम्हाला मात्र काळजी लागली. चाळीस वर्षं ज्या माणसाचा दिवस पहाटे थिएटरात सुरू झाला, त्याने आता दिवसभर करायचं काय? पहिल्या महिन्यात तर सकाळी आंघोळ करून ते तपासणीच्या रिकाम्या खोलीत जाऊन नुसते बसायचे. वहिनींनी मला फोन केला. "सिस्टर, तुम्ही येऊन जरा भांडा बघू त्यांच्याशी."

भांडावं लागलं नाही. मी गेले तर डॉक्टरसाहेब बसले होते आणि समोर ताटलीत एक पापलेट होतं. ते त्याचं चित्र काढत होते. सोमवारी आणलेलं पापलेट, आणि मी गेले तो दिवस होता गुरुवार. घरात पाऊल ठेववत नव्हतं! पण वहिनी नाकाला पदर लावून हसत होत्या, आणि माझा जीव भांड्यात पडला.

शनिवारी ते चित्र घेऊन आम्ही मालवणच्या मासळी बाजारात गेलो, सुंदराबाईंना दाखवायला. सुंदराबाई म्हणजे बाजारातल्या सर्वांत जुन्या मासे विकणाऱ्या. वय पंच्याऐंशीच्या आतबाहेर, आवाज असा की वर बसस्टँडपर्यंत जावा. डॉक्टरसाहेबांनी कधीकाळी त्यांचं अपेंडिक्स काढलं होतं, त्या हक्काने त्या त्यांना काहीही बोलत. चित्र हातात धरून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"डॉक्टरानू, ह्यो पापलेट कधीचो?"

"सोमवारचो."

"तरीच! डोळे बघा तेचे. असलो पापलेट मी गिऱ्हायकाक दिवचंय नाय."

बाजारातल्या बायका हसून हसून बेजार झाल्या. डॉक्टरसाहेब सगळ्यांत जास्त हसले. चित्राच्या डोळ्यातली शिळेपणाची खूण मासेवालीला दिसली, यापेक्षा मोठी दाद कुठली, असं ते सगळ्यांना सांगत सुटले. तेव्हापासून प्रत्येक नवं चित्र आधी सुंदराबाईंना दाखवायचं हा शिरस्ता पडला. त्यांच्या पहिल्या प्रदर्शनातल्या निम्म्या चित्रांवर सुंदराबाईंची दुरुस्ती आहे, हे रसिकांना ठाऊक नसेल.

लिहिणं त्याच सुमारास सुरू झालं. आधी रुग्णांच्या आठवणी लिहिल्या, नावंगावं बदलून. त्यांचं लेखन वाचताना मला त्यांचा थिएटरातला हात आठवतो. लागेल तेवढंच कापायचं आणि रक्त कमीत कमी. एखादं विशेषण मला आवडलं असं म्हटलं की दुसऱ्या दिवशी ते काढलेलं असायचं. सत्तरीच्या उंबरठ्यावर ते मोडी लिपी शिकले. रोज सकाळी शाळकरी मुलासारखी पाटी घेऊन बसायचे. का, तर आपल्या किनाऱ्यावरच्या शिडाच्या गलबतांचा इतिहास लिहायचा होता, आणि त्याचे जुने कागद मोडीत होते. गलबतं कोणी बांधली, कोण तांडेल होते, काय माल न्यायचे, कुठे बुडाली, असं सगळं. पाच वर्षं त्यांनी त्यात घातली. प्रत्येक प्रकरणाला त्यांनी स्वतः चित्र काढलं.

आता जे सांगायचं आहे, त्यासाठीच खरं म्हणजे मी हा लेख लिहायला होकार दिला. डॉक्टरसाहेबांनी परवानगी दिली आहे. "माझी चूक आहे, ती छापलीच पाहिजे," असं त्यांचंच म्हणणं.

सुंदराबाई खारवाडीच्या. त्यांच्या घराला वाडीत एक वाईट नाव होतं. 'पळपुट्याचं घर'. त्यांचे आजोबा धोंडू हे गलबतावरचे तांडेल, म्हणजे गलबत चालवणाऱ्यांचे प्रमुख. सुंदराबाईंच्या जन्माआधीची गोष्ट. पावसाळ्याच्या तोंडावर, हंगामातल्या शेवटच्या फेरीला गोव्याकडून माणसं घेऊन येताना धोंडू तांडेलांचं गलबत वेंगुर्ल्याच्या अलीकडे वादळात सापडलं आणि खडकांवर फुटलं. माणसं बुडाली. आणि बोलवा उठली की तांडेल गलबताची छोटी होडी घेऊन सगळ्यांच्या आधी पळाला. धोंडू तांडेल पुन्हा कोणाला दिसले नाहीत. कोणी म्हणे कारवारला आहे, कोणी म्हणे तिकडे दुसरा संसार थाटला.

सुंदराबाईंच्या आजीने मरेपर्यंत कुंकू लावलं. नवरा मेला असं कोणी सांगितलं नव्हतं, मग पुसणार कसं? लोक त्या कुंकवाला हसायचे. आणि आणखी एक गोष्ट, जी आमच्याकडच्या माणसालाच नीट कळेल. भाद्रपदात घराघरांत पितरांचा म्हाळ घालतात, गेलेल्यांची नावं घेऊन त्यांना जेवू घालतात. पळून गेलेल्याचा म्हाळ घालत नाहीत. त्या घरात इतक्या वर्षांत धोंडू तांडेलांचं नाव एकदाही घेतलं गेलं नव्हतं.

हे गलबत डॉक्टरसाहेबांच्या पुस्तकात येणार, हे सुंदराबाईंना माहीत होतं. डॉक्टरसाहेब त्या प्रकरणासाठी तांडेलाचं चित्र काढत होते तेव्हा त्या स्वतः येऊन शेजारी बसल्या. फोटो काही नव्हता. आजीने सांगितलेलं त्या सांगत गेल्या. कपाळ रुंद, मिशी कमी, खांदा उजवा उतरलेला. डॉक्टरसाहेबांनी सुकाणूवरचा हात काढला तशा त्या म्हणाल्या, "तसो न्हय. डाव्या हाताची दोन बोटां अर्धी होती तेची. दोरखंडात गावलेली. आजयेन माका सांगितलेला." डॉक्टरसाहेबांनी करंगळी आणि शेजारचं बोट खोडून अर्धं केलं. सुंदराबाईंनी पदराने डोळे पुसले आणि उठून गेल्या.

पुस्तक छपाईला गेलं. प्रकाशनाची तारीख ठरली, पत्रिका वाटल्या. त्या आठवड्यात मी बाजारात गेले, तर सुंदराबाईंनी माझा हात धरला. "सिस्टर, डॉक्टर माझ्या आज्याबद्दल काय लिवतत गो? तुका म्हायत आसतला." मला खरोखरच माहीत नव्हतं.  मला राहवेना. तडक डॉक्टरसाहेबांकडे गेले आणि ते प्रकरण वाचायला मागितलं.

त्यात लिहिलं होतं की तांडेल पळाला.

त्याला पुरावाही दिला होता. गलबतावरच्या एका व्यापाऱ्याने कचेरीत दिलेली जबानी डॉक्टरसाहेबांनी शोधून काढली होती. गलबतावर एकोणीस माणसं. अकरा जिवंत किनाऱ्याला लागली, त्यांची नावं. सात प्रेतं मिळाली, त्यांची नावं. आणि 'तांडेल होडी घेऊन आधीच निघून गेला.' मी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि सवयीने बोटांवर मोजायला लागले. अकरा आणि सात, अठरा.

"डॉक्टरसाहेब, एक कमी आहे."

"कमी कसा? एकोणिसावा तांडेल. तो पळाला."

"पळाला म्हणून तुम्ही त्याला बाहेर मोजलात. बाहेर आलेला बघितला कोणी?"

"सिस्टर, हा लिखित पुरावा आहे." झालं, प्रमाण मराठी सुरू झाली. "हे पुस्तक आहे, पोट नव्हे."

"व्यापाऱ्याने त्याला जाताना बघितलं. पोचलेला बघितलेला नाही. तुम्ही तेव्हाही मला बादलीच दाखवली होती."

बोलून गेले आणि जीभ चावली. डॉक्टरसाहेब उठून खिडकीशी गेले. वहिनी चहा घेऊन आल्या, पण मी चहा न घेता निघाले. रिक्षात बसल्यावर रडू आलं. इतक्या वर्षांत असं तोंड कधी टाकलं नव्हतं. प्रकाशनाला पाहुणे यायचे होते, छपाई चालू होती, आणि मी कोण? ना इतिहासाची, ना पुस्तकांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात रिक्षा थांबली. डॉक्टरसाहेब उतरले, काखेत हस्तलिखिताचं बाड. ओटीवर बसले, पाणी मागितलं आणि म्हणाले, "छपाई थांबवलीय. पत्रिका परत घ्यायला सांगितल्यात. ही जबानी मी रात्रभर नाही, पहाटेपासून वाचतोय, उगाच माझी कीव करू नका. आता हे ऐका. जिवंत आलेल्या अकरांत दोन बायका आणि एक लहान मूल 'होडीने' किनाऱ्याला लागले असं लिहिलंय. सिस्टर, होडी वल्हवली कोणी?"

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग मी विचारलं, "त्या बायकांनी काय सांगितलं?"

"बायकांची जबानी कोणी घेतलीच नाही. गोव्याकडच्या होत्या, आपल्या गावी परत गेल्या."

म्हणजे तांडेल होडी घेऊन गेला हे खरंच होतं. व्यापारी खोटं बोलला नव्हता. पण होडीत तो कोणाला घेऊन गेला आणि नंतर त्याचं काय झालं, हे त्याने बघितलं नव्हतं. डॉक्टरसाहेबांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "मी आयुष्यभर शिकाऊ डॉक्टरांना शिकवलं, दिसत नाही म्हणजे नाही असं समजू नका. आणि स्वतः काय केलं? वाडी म्हणते, कागद म्हणतो, मग असेलच. त्या बाईने माझ्या शेजारी बसून बोटं दुरुस्त करून दिली हो!" त्यांच्या आवाजातलं ते मला ऐकवेना. मी आत जाऊन उगीच भांडी वाजवली.

पण हे सगळं अनुमान झालं. सुंदराबाईंना अनुमान नेऊन देणार नाही, यावर डॉक्टरसाहेब ठाम होते. "नाही सापडलं तर 'माहीत नाही' असं छापीन. पण शोधल्याशिवाय नाही." मिरगाच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, तोंडावर पाण्याची ओढ दक्षिणेला असते, असं दोन जुन्या मच्छीमारांनी सांगितलं. तेव्हा वेंगुर्ल्याच्या खालची गावं बघायची ठरली. चार महिने आम्ही फिरलो. गाडी डॉक्टरसाहेब चालवत. त्यांच्याइतका सुंदर टाका घालणारा माणूस गाडी इतकी वाईट कशी चालवतो, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मागच्या सीटवर वहिनींनी दिलेला आंबोळ्यांचा डबा, पुढे मी देवाचं नाव घेत. गावोगाव जुनी घरं, पेट्या, माळे. एका घरातल्या आजीबाई आम्हाला लस टोचायला आलेले समजून मागच्या दाराने निघून गेल्या. दुसऱ्या गावात कागद वाळवीने खाल्लेले. तिसऱ्या ठिकाणी नुसताच चहा.

एका सकाळी डॉक्टरसाहेबांचा फोन आला. "सिस्टर, तुमच्या आईची वही सापडली."

आईच्या खाटेशी बसून लिहिलेली ती वही! तीत एके ठिकाणी दोन ओळी होत्या. आरोंद्याच्या खाडीच्या तोंडाशी कधीतरी एक परका खलाशी वाहून आला होता, गावाने त्याला मूठमाती दिली, असं आईने तिच्या सासऱ्यांकडून ऐकलेलं. डॉक्टरसाहेबांनी ते लिहून घेतलं होतं आणि विसरून गेले होते. आणि मी? मी तर त्या वेळी आत चहा करत होते. चार महिने आम्ही किनारा पालथा घातला, आणि गोष्ट माझ्याच घरात सांगून झाली होती!

आरोंद्याच्या जुन्या पोलीस पाटलांच्या नातवाने आम्हाला पत्र्याची पेटी उघडून दिली. मोडीतले कागद. डॉक्टरसाहेब ओटीवर मांडी घालून एकेक कागद उजेडाला धरून बघत होते, मी शेजारी. दुपार कलली. एका कागदावर ते थांबले. तो त्यांनी मांडीवर ठेवला. मला मोडी येत नाही, पण मला त्यांचे हात येतात. ते आपल्याच डाव्या हाताची करंगळी चाचपत होते. 

"काय आहे?"

त्यांनी वाचून दाखवलं. तारीख गलबत फुटलं त्याच आठवड्यातली. अनोळखी पुरुषाचं प्रेत, चार-पाच दिवस पाण्यात असावं. कमरेला दोर बांधलेला, दोराचं दुसरं टोक तुटलेलं. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट अर्धं, जखम जुनी, भरलेली.

होडी किनाऱ्याला लावून तो माणूस कमरेला दोर बांधून परत गेला होता, उरलेल्यांना आणायला.

डॉक्टरसाहेब रडले. मीही रडले. पाटलांच्या घरची माणसं घाबरली, त्यांना वाटलं जमिनीचं काही निघालं. त्यांना समजावून सांगितलं तेव्हा त्या घरच्या सूनबाईंनी आत जाऊन देवापुढे दिवा लावला. पाण्याचा ग्लास हातात घेऊन डॉक्टरसाहेब किती वेळ नुसते "बरं झालं, बरं झालं" म्हणत होते. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या यशस्वी शस्त्रक्रियांनंतरही त्यांना इतकं मोकळं झालेलं मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाजारात गेलो. डॉक्टरसाहेब सुंदराबाईंना म्हणाले, जरा बाजूला या, बोलायचं आहे. सुंदराबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि जागच्या हलल्या नाहीत. "हयसरच सांगा. जेनी जेनी नावां ठेवली, तेंकाव आयकान देत."

डॉक्टरसाहेबांनी सांगितलं. मालवणीतून, हळूहळू, एकेक गोष्ट. होडीतल्या बायका, मूल, दोर, बोटं. आधी स्वतःची चूक सांगितली, मग कागद सांगितला. आजूबाजूच्या बायकांचा गलका थांबला होता. सुंदराबाईंनी टोपलीवर ओलं फडकं घातलं, हात धुतले, पदराला पुसले.

"म्हणजे तो पळान जावक नाय," त्या म्हणाल्या. "तेका परत येवक गावला नाय."

"होय."

"आजयेक ह्यां कळाक होया होता." एवढंच बोलल्या आणि मग त्या मोठमोठ्याने रडल्या. त्यांच्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी, ज्यांचं घर वाडीत सर्वांत जास्त बोलायचं, त्यांनीच त्यांना कुशीत घेतलं.

पुस्तक आठ महिने उशिरा आलं. ते प्रकरण डॉक्टरसाहेबांनी नव्याने लिहिलं, आणि शेवटी स्वतःची चूक काय झाली होती तेही लिहिलं. इतिहासाच्या जाणकारांनी त्याबद्दल त्यांचं कौतुक केलं आहे, ते या ग्रंथात अन्यत्र असेलच.

या भाद्रपदात खारवाडीच्या त्या घरी म्हाळ होता. डॉक्टरसाहेब, वहिनी आणि मी, आम्हा तिघांना आग्रहाचं बोलावणं होतं. भटजींनी पितरांची नावं विचारली. सुंदराबाईंच्या भावाच्या मुलाने वडिलांचं, आजोबांचं सांगितलं, आणि मग तो अडखळला, त्याने आयुष्यात ते नाव उच्चारलं नव्हतं. सुंदराबाई मागून मोठ्याने म्हणाल्या, "धोंडू!" सगळ्या घराने ते नाव पुन्हा घेतलं, लहान पोरांनीसुद्धा. डॉक्टरसाहेब मान खाली घालून बसले होते. वहिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता.

डॉक्टरसाहेबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत असताना आम्हा सर्वांच्या वतीने त्यांना चांगलं आरोग्य, स्वच्छ नजर आणि भरपूर आयुष्य मागायचं काम माझ्याकडे आलं आहे. गाडी मात्र दुसऱ्या कोणीतरी चालवावी, हेही त्यात मागून घेते. यापलीकडे मला सजवून मागता येत नाही, आणि त्याची गरजही उरलेली नाही. म्हाळाची जेवणं झाल्यावर आम्ही निघालो तेव्हा सुंदराबाई अंगणाच्या टोकापर्यंत आल्या, डॉक्टरसाहेबांचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत घेतले आणि म्हणाल्या:

"डॉक्टरानू, तुमी इतक्यात मरू नकात. दर्यात अजून बरीच जणां रवली आसत. तेंका घराक कोण आणतलो?"